तिसरीचा वर्ग, चौथीचं गणित: पुढं असलेल्या पोराला कोणत्या चालीनं शिकवायचं?

प्रश्न एका शिक्षणसेवक मॅडमचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, चौथीपर्यंत. तिसरी आणि चौथी मिळून २७ पोरं त्यांच्याकडे, एकाच खोलीत. तिसरीतला एक मुलगा आपलं गणित दोन मिनिटांत संपवतो आणि फळ्यावरच्या चौथीच्या गणिताचं उत्तर चौथीच्या पोरांआधी ओरडून सांगतो. हाताला काम उरलं नाही की शेजारच्यांच्या खोड्या सुरू. वडील शाळेत येऊन म्हणाले, "मॅडम, पोट्टा हुशार हाये, मंग तिसरीत काऊन अडकवता त्याले? टाका चौथीत, एक साल वाचते." मॅडम विचारतात, याला वरच्या वर्गात घ्यावं, पुस्तकं भराभर संपवावीत, की सगळ्यांसोबत थांबवून ठेवावं?

मॅडम, वर्ग तिसरीचाच राहू द्या, गणित मात्र त्याच्या चालीनं जाऊ द्या. आणि ती चाल ठरवायच्या आधी तो नेमका कुठं उभा आहे ते बघा. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवत. तुमच्या या पोरासारखी पोरं दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या गावात भेटलीच. काहींचं माझ्या हातून भलं झालं, काहींचं नाही. दोन्ही सांगतो.

आधी वडिलांचं. त्यांची तळमळ खरी आहे, त्यांना परतवून लावू नका. पण अख्खा वर्ग ओलांडायला माझा विरोध आहे. गणितात दीड वर्ष पुढं असलेलं पोरगं मराठी लिहिण्यात बहुतेक वेळा आपल्या वयाइतकंच असतं. हाताची बोटं आठ वर्षांचीच असतात. चौथीचा परिच्छेद लिहिताना ते मागं पडतं, आणि मग हुशार म्हणून वर चढवलेल्या पोराला रोज आपण कमी असल्यासारखं वाटू लागतं. दुसरं कारण कागदावरचं आहे आणि वडिलांना ते लगेच पटतं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण शिकलेली लागतात. जन्मतारखेचीही मर्यादा असते. ही परीक्षा एकदाच देता येते, पुन्हा बसता येत नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांसाठी असतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय बेलोऱ्याला आहे, वडिलांना नाव माहीत असेल. एक साल वाचवायच्या नादात हे दार बंद होऊ शकतं, एवढं त्यांना सांगा. मग लगेच हेही सांगा की पोरगा थांबणार नाही, गणितात पुढं जाणारच आहे. हे दुसरं वाक्य विसरू नका, नाहीतर शाळेनं नकार दिला एवढंच गावभर होईल.

आता चाचणी. तिसरीत त्याला पैकीच्या पैकी पडतात यावरून काहीच कळत नाही. बुटकं दार असेल तर त्याखालून जाणारा किती उंच आहे ते दिसत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात पुढं असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाच्या वयाच्या मुलांची परीक्षा दिली. युक्ती एवढीच की मोजपट्टी पोरापेक्षा लांब हवी. आपण तेच आपल्या कपाटातल्या कागदांवर करू शकतो. मागच्या वर्षीची तिसरीची दुसऱ्या सत्राची संकलितची, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेची, प्रश्नपत्रिका काढा आणि त्याला आत्ताच सोडवायला द्या. बहुतेक सगळं बरोबर आलं तर दोन दिवसांनी चौथीची द्या. वेळेचं बंधन नको. तो अडला तर मदतही नको.

पेपर तपासून झाला की त्याला वऱ्हांड्यात घेऊन बसा, वीस मिनिटं पुरतात, आणि प्रत्येक उत्तराला एकच विचारा: कसं केलंस? सगळा माल इथं आहे. मी एका पोराला विचारलं होतं, ४८ पंचे किती? तो म्हणाला २४०. कसं? "अठ्ठेचाळीस दाहे चारशे ऐंशी, त्याचे अर्धे." ७०३ मधून २९८? "४०५. तीनशे काढले, मंग दोन परत टाकले." हे पोरगं संख्येला हातात घेऊन फिरवतं, हे कळलं. मग मी विचारलं, तीन जणांत एक भाकर वाटली आणि चार जणांत एक वाटली, जास्त कोणाला? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "तिघांतल्याले." मग पाटीवर लिहिलं, १/३ आणि १/४, मोठा कोणता? तो म्हणाला १/४. काऊन? "चार मोठे हायेत ना सर."

मॅडम, हा पोरगा गावात सगळ्यात हुशार म्हणून गाजलेला होता. भाकर त्याला कळत होती, पण कागदावरचा अपूर्णांक त्या भाकरीशी जोडलेलाच नव्हता. त्याच्या हातात मी थेट पाचवीचं पुस्तक दिलं असतं तर त्यानं सममूल्य अपूर्णांकाची रीत पाठ केली असती, उत्तरंही बरोबर आणली असती, आणि आतली फट तशीच राहिली असती. पुढं असलेल्या पोरांच्या फटी अशाच लपतात, कारण स्मरणशक्ती त्या झाकून टाकते. तेव्हा चाचणी घ्यायची ती तो हुशार आहे की नाही हे ठरवायला नाही. काय शिकवायची गरज नाही आणि काय शिकवायलाच हवं, एवढं तिच्यातून काढायचं असतं.

एक छोटी सूचना. तो घाईत आकडे उलटे लिहीत असेल, त्रेपन्नच्या जागी ३५, तर त्याला निष्काळजी म्हणू नका. मराठीत तीन आधी बोलतो आणि पन्नास मागून, हात कानामागं धावतो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही, पण पोरांची अडचण खरी आहे. संख्या सांगितल्यावर एक श्वास थांबून लिही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता रोजचं काम. नवा पाठ सुरू करायच्या दिवशी त्या पाठाच्या उदाहरणसंग्रहातली शेवटची, सगळ्यात अवघड पाच गणितं आधी फळ्यावर लिहा. ज्याची चार बरोबर येतील, त्याला बाकीची सोडवायची गरज नाही. हा नियम सगळ्या वर्गाला लागू ठेवा, एकट्या त्याच्यासाठी नको. त्यामुळं कोणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही आणि कधीकधी भलतंच पोरगं चार बरोबर आणून आपल्याला चकित करतं. जे एक चुकलं, त्या भागाला मात्र त्यानं सगळ्यांबरोबर बसायचं. येणारं काम वगळलं म्हणजे पोराचं नुकसान होईल ही भीती तुम्हालाही वाटेल, मलाही वाटायची. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शिक्षकांनी अशा निवडक मुलांचा ४० ते ५० टक्के ठरलेला अभ्यास वगळला होता, तरी चाचण्यांतले त्यांचे गुण घसरले नाहीत. माझ्या वर्गातला अनुभवही हाच आहे. येणारं वीसदा करून घेतल्यानं पक्कं होतं असं आपण म्हणतो, पण या पोरांचं त्यातून पक्कं काही होत नाही, नुसता कंटाळा येतो आणि त्यापायी अक्षर बिघडतं.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं, अवघड काम इथून सुरू होतं. एक वेगळी वही करा. मी तिला 'पुढची वही' म्हणायचो. पहिली वीस मिनिटं तुम्ही दुसऱ्या पोरांकडं असाल, तेव्हा त्यानं तुम्हाला हाक मारायची नाही. अडलं तिथं मोठं प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढचं गणित घ्यायचं. उत्तराशेजारी कसं केलं ते एका ओळीत लिहायचं. या पोरांना ती ओळ फार जड जाते, पण तीच लिहवून घ्या. आणि आठवड्यातून दोनदा तुमची दहा मिनिटं फक्त त्या वहीसाठी. परिपाठाआधी बसा, खिचडीची ताटं धुणं चालू असताना बसा, कधीही बसा. ही दहा मिनिटं नसतील तर ती वही म्हणजे पोराला कोपऱ्यात बसवून विसरून जाणं. हे मी बऱ्याच शाळांत पाहिलंय. मोठ्या कौतुकानं वही सुरू होते आणि दिवाळीनंतर कोणी उघडून बघत नाही.

ओरडण्यावर उपाय पाटीचा. तोंडी गणिताला सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचं, पाटी पालथी ठेवायची, तुम्ही 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. ज्याला लवकर आलं त्याचं उत्तर पाटीखाली राहतं. ज्याला उशीर लागतो त्याला विचार करायला जागा मिळते. चार दिवसांत खोली शांत होते.

मॅडम, तिसरी-चौथी एका खोलीत ही तुम्हाला अडचण वाटतेय. या एका पोरापुरती मला ती सोय वाटते. शहरातल्या शाळेत तिसरीच्या पोराला गणितापुरतं चौथीत पाठवायचं तर दोन वर्गशिक्षक, दोन वेळापत्रकं, मुख्याध्यापकांची परवानगी, केवढं लचांड. तुमच्याकडं त्याला फक्त चार फूट सरकायचंय. चौथीचा नवा घटक सुरू होईल तेव्हा त्यानं त्या ओळीत बसावं, मराठीला आणि परिसर अभ्यासाला परत आपल्या ओळीत यावं. हजेरी तिसरीची, संकलितचा पेपर तिसरीचा, खेळायला दोस्त तिसरीचे. गावात बोभाटा नाही. चौथीची पोरं सुरुवातीला कुरकुरतील. त्यांना सांगा की अडलेलं विचारायला तो आलाय, उत्तर सांगायला नाही. आणि त्यालाही हे तसंच बजावा.

किती पुढं न्यायचं? माझा हिशोब असा. प्राथमिकला पुस्तकात फार तर एक-दीड वर्ष पुढं. त्यापलीकडं वर चढवण्यापेक्षा आडवं पसरू द्या. पाचवीच्या पुस्तकात दशांश अपूर्णांक आहेत, विभाज्य-विभाजक आहेत, कोन आहेत, शेवटी बीजगणिताची तयारी आहे. तिथपर्यंत चौथी संपेस्तोवर तो सहज पोचेल, आणि सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. पण सहावी-सातवीचं पुस्तक आत्ताच हातात देऊन घोडं पुढं दामटू नका. आडवं पसरणं म्हणजे काय, ते उदाहरणानंच सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिसरी-चौथीला एक गणित घातलं होतं. तोरणाखाली बैल आणि माणसं मिळून डोकी ३०, पाय १००. तर बैल किती, माणसं किती? त्यांना समीकरण माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. वर्गातला सगळ्यात चपळ पोरगा अंदाज लावत सुटला: १५-१५ घेतले तर पाय ९०, कमी पडले, १८-१२, अजून कमी. बरोबर दिशेनं चालला होता, पण घाईत वजाबाकी चुकला आणि चिडला. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिनं तीस गोल काढले होते. प्रत्येक गोलाला दोन पाय काढून ते मोजले, ६०. मग एकेका गोलाला आणखी दोन-दोन पाय जोडत गेली, १०० होईपर्यंत. वीस गोलांना चार पाय झाले. बैल २०, माणसं १०. मग स्वतःच म्हणाली, "सर, दहा जोड्या अन् दहा गडी. हरेक जोडीमागं एक. बराबर हाये."

त्या मुलीचा शेरा माझ्या नोंदवहीत 'मध्यम' असा होता. दोन वर्षं ती माझ्याच वर्गात होती. ती कधी ओरडायची नाही, पहिली कधी संपवायची नाही, आणि सोयाबीन सोंगायच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला पंधरा-पंधरा दिवस घरी असायची. मी वेगालाच हुशारी समजत होतो. तुमच्या २७ पोरांत तुमच्या डोळ्यांत भरलेला हा एक आहे, पण कापूस वेचाईला आईबरोबर जाणारी, किलोचा हिशोब तोंडी करणारी आणि वर्गात गप्प बसणारी एखादी असेल. घरी कोलामी नाहीतर बंजारा बोलणारं एखादं पोरगं असेल, ज्याला गणित कळतं पण गणिताचं मराठी कळत नाही. म्हणून म्हणतो, अवघड पाच गणितांचा नियम सगळ्यांना ठेवा. आणि महिन्यातून एक गणित असं घाला ज्यात वाचायचं कमी आणि काढून बघायचं जास्त.

वजाबाकीचा कंटाळा आलेल्या पोरासाठी कापरेकर मास्तरांची संख्या माझ्या फार उपयोगी पडली आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, देवळालीला शाळेत शिकवत होते आणि संख्यांशी खेळत होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं आणि तिथंच थांबतं. ३५२४ घेऊन बघा: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. तिसरीला तीन अंकी घ्या, तिथं ४९५ येतं. मधेच ९९ आलं तर ०९९ लिहायचं, शून्य टाकून द्यायचं नाही. पोरांना हे आधी सांगू नका, त्यांचं गणित तिथं कोसळू द्या आणि का कोसळलं ते त्यांनाच शोधू द्या.

हातच्याच्या दहा वजाबाक्या दिल्या तर तोंड वाकडं करणारा पोरगा दोन दिवस घरी बसून चाळीस वजाबाक्या करून आला होता, एखादी संख्या ४९५ ला चुकवते का ते बघायला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "सर, पैल्या वजाबाकीत मधात नेहमी ९ च काऊन येते?" मी त्याला उत्तर दिलं नाही. वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढायला लावलं. तो प्रश्न चौथी संपेपर्यंत त्याच्याबरोबर होता. याला मी पुढं जाणं म्हणतो.

अपूर्णांकाची ती फट आम्ही गावातच बुजवली. त्या भाकरीवाल्या पोराच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अगदी औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ होती. मी पोराला सांगितलं, रोज संध्याकाळी एक ऐक आणि कागदावर मांड. पाव, अर्धा, पाऊण, एक, अशी पावकी त्यानं पट्टीवर खुणा करून मांडली, शेजारी आपले १/४, २/४, ३/४, ४/४ लिहिले, आणि २/४ वर त्याचं बोट थांबलं. "हे तं अर्धाच होय." पाठ्यपुस्तकात त्याला सममूल्य अपूर्णांक म्हणतात हे मी दोन आठवड्यांनी सांगितलं.

दशांशाला सातबारा घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. १.६० म्हणजे एक हेक्टर साठ आर, १.०६ म्हणजे एक हेक्टर सहा आर. शंभर आरांचा हेक्टर, आणि एकर म्हणजे साधारण चाळीस आर. शून्य इकडचं तिकडं झालं तर चोपन्न आर जमीन गेली, सव्वा एकराहून जास्त. शेतकऱ्याच्या पोराला दशांश चिन्हानंतरच्या शून्याची किंमत यापेक्षा चांगली कळायची नाही. मात्र कोणाच्या घरचा खरा सातबारा वर्गात आणू नका, गावात त्यावरून मनं दुखतात. तुम्हीच एक बनवून घ्या. पुढं गुंठ्यावर या: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शाळेचं पटांगण दोरीनं मोजून किती गुंठे भरतं हे काम त्याला आणि आणखी तिघांना मिळून द्या. क्षेत्रफळाचं सूत्र नंतर.

आता माझ्या हातून बिघडलेलं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडं असाच एक मुलगा होता. काम संपलं की मी त्याला म्हणायचो, जा, त्या चौघांना भागाकार शिकव. मला वाटायचं तो सेवाभाव शिकतोय, माझाही भार हलका होतोय. दोन वर्षं त्यानं भागाकार शिकवला. दोन वर्षांत त्याला स्वतःला एकही गोष्ट नवी मिळाली नाही. पुढं हायस्कुलात गेल्यावर पहिल्यांदा अवघड गणित आलं तेव्हा त्याला ते सोडवताच येईना, कारण अडणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं गणित टाळायला सुरुवात केली. दोस्ताला मदत करावी, जरूर करावी, आठवड्यातून एखाद्या वेळी. पण पगार न घेणारा मास्तर करून ठेवू नका.

अडण्याचीच गोष्ट आहे म्हणून हेही सांगतो. पहिल्यांदा खरं अवघड गणित दिलं की तुमचा हा पोरगा रडेल, किंवा पान फाडेल, किंवा पोट दुखतं म्हणेल. आजवर त्याला सगळं हात लावताच आलेलं आहे. न येणं त्याला अपमानासारखं वाटेल. त्या वेळी गणित सोपं करून देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, कुठपर्यंत कळलं? तेवढ्यालाच बरोबरची खूण करा. घरी आणि गावात 'जिनिअस' म्हणणं बंद करायला सांगा. वडिलांना सांगा की उत्तर बरोबर आलं म्हणून पाच रुपये देऊ नका. बाजाराच्या दिवशी त्याला सोबत न्या आणि हिशोब त्याच्याकडं द्या. ४६ किलो कापूस वेचला, किलोला १२ रुपये, तर किती? ५५२ आलं की विचारा, कसं? तुमचा 'कसं' हा शब्द घरात पोचला की अर्धं काम झालं.

तपासणीला कोणी आलं आणि हा पोरगा चौथीच्या ओळीत का म्हणून विचारलं तर घाबरू नका. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याप्रमाणे जास्तीचं शिकवणं हे एक आहे. आपण ते कायम मागं पडलेल्यांसाठीच वाचतो, पण कायद्यात 'प्रत्येक' असा शब्द आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही विशेष आवड आणि गती असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडं नेण्याबद्दल लिहिलं आहे, आणि शाळा, शाळासमूह, जिल्हा अशा पातळ्यांवर विषयाची मंडळं करायला सांगितलं आहे. तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडा. आजूबाजूच्या दहा-बारा शाळांत मिळून अशी पाच-सहा पोरं निघतात. महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती एका ठिकाणी जमली तरी त्यांना पहिल्यांदा आपल्यासारखं कोणी भेटतं. नेण्या-आणण्याचं पालकांवर ढकलू नका, मजुरीचा दिवस बुडाला की दुसऱ्या महिन्यापासून येणं बंद होतं. एकदा तुम्ही न्या, एकदा शेजारच्या शाळेतल्या सरांनी न्यावं.

नवोदयची तयारी चौथीच्या दुसऱ्या सत्राआधी सुरू करू नका. दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यातले अंकगणिताचे २०, आणि बुद्धिमत्तेचे ४०. भाषेचे २० आहेत, आणि अशी पोरं गुण घालवतात ते तिथं. तेव्हा गणितात वाचलेला थोडा वेळ रोज वाचनाकडं वळवा. गोष्टींची पुस्तकं द्या, गाईडं नकोत.

शेवटचं, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमची बदली होईल. नाही झाली तरी चौथीनंतर तो शेजारच्या गावी पाचवीत जाईल. तिथले सर त्याला पहिल्या दिवशी संख्यांचं वाचन-लेखन देतील, त्यांचा दोष नाही, त्यांना माहीतच नसतं. केंद्रप्रमुख असताना मी अशी पोरं बघितली आहेत जी दर जूनमध्ये शून्यावर आणून ठेवली जायची. म्हणून एक कागद करा, एकच पान. कोणत्या घटकाची चाचणी कधी घेतली, काय येतं, काय चुकलं, पुढच्या वहीत कुठवर आलाय, आणि अडल्यावर तो कसा वागतो. एक प्रत शाळेत फाईलला, एक वडिलांकडं. उन्हाळ्याची सुटी लागायच्या आत पाचवीच्या सरांना प्रत्यक्ष भेटून तो कागद आणि ती वही त्यांच्या हातात द्या. पोराला सोबत न्या, आणि त्यांच्यासमोर त्याला एक गणित तोंडी सोडवू द्या.

या आठवड्यात ते दोन पेपर घ्या. आणि १/३ मोठा की १/४ हे विचाराल तेव्हा तो काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.